‘मेरिलिन डिप्टिक’ची अध्ययन-प्रत: कामाच्या नोंदी

९ जानेवारी

आमच्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांना हात लावून पाहता येईल असा एक छोटा अध्ययन-संग्रह आहे. त्यात लिथोचा दगड आहे, लाकडी ठसे आहेत, तैलचित्राचे थर एकामागून एक उघडे ठेवलेला एक फलक आहे. सिल्कस्क्रीनने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून केलेले चित्र मात्र नाही. पॉप आर्ट शिकवताना पडद्यावर छायाचित्र दाखवून पुढे जावे लागते आणि दर वर्षी तोच प्रश्न येतो, की लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या ज्या तंत्राने छापतात त्याच तंत्राने केलेली वस्तू संग्रहालयात तैलचित्रांच्या शेजारी का लावतात. या प्रश्नावर आणखी एक तास बोलण्यापेक्षा ती वस्तू करूनच पाहावी, असे विभागात ठरले. ज्यांना असेच काम करायचे असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

निवडलेले चित्र अमेरिकी पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलचे ‘मेरिलिन डिप्टिक’ (डिप्टिक म्हणजे दोन फलकांचे जोडचित्र), १९६२, लंडनच्या टेट संग्रहालयातले. दोन स्वतंत्र कॅनव्हास, प्रत्येकाची उंची सुमारे २०५ सेंमी आणि रुंदी सुमारे १४५ सेंमी. प्रत्येकावर पाच आडव्या आणि पाच उभ्या ओळींत एकच चेहरा पंचवीस वेळा. डावा फलक रंगीत आहे: नारिंगी पार्श्वभूमी, पिवळे केस, गुलाबी चेहरा, निळसर पापण्या, लाल ओठ. उजव्यावर फक्त काळी शाई आहे. हा चेहरा हॉलिवूडची अभिनेत्री मेरिलिन मन्रो हिचा. ती ऑगस्ट १९६२ मध्ये गेली, वॉरहॉलने छायाचित्रावरून स्क्रीन करण्याचे तंत्र हाती घेतले तेही त्याच ऑगस्टमध्ये, आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत तिची चित्रे भिंतीवर लागली होती. तंत्र हाती येऊन जेमतेम तीन महिने झालेल्या माणसाचे हे काम आहे. त्यातली धांदल नवशिक्याची आहे की राखून ठेवलेली, हे शाईत हात घातल्याखेरीज कळणे अवघड होते.

दोन्ही फलक पूर्ण करणे आमच्या अनुदानात बसत नाही. उजवा फलक पूर्ण मापाचा करायचा आणि डाव्याची एकच आडवी ओळ, असे ठरले.

१३ जानेवारी

छायाचित्राचा प्रश्न आधी मिटवला. वॉरहॉलने वापरलेले छायाचित्र ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले होते, आणि चेहरा कुठे कापायचा याच्या त्याने आखलेल्या रेघांसह ती प्रत आज पिट्सबर्गच्या अँडी वॉरहॉल म्यूझियममध्ये आहे. तेच छायाचित्र घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. एक कारण हक्कांचे: मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरहॉलने केलेल्या प्रिन्स या गायकाच्या चित्राबाबत मूळ छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. तो कायदा अमेरिकेचा आहे आणि आमचा वापर वर्गापुरता; तरी अध्ययन-संग्रहातील वस्तूवर उद्या कोणी बोट ठेवू नये. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: मेरिलिनचा चेहरा दिसला की विद्यार्थी मेरिलिनकडे पाहतात, शाईकडे पाहत नाहीत.

शेवटी माझ्या आत्याचा स्टुडिओत काढलेला जुना कृष्णधवल फोटो घेतला. एका बाजूने टाकलेला प्रखर दिवा, गडद केस, नाकात मोरणी; छायाप्रकाश चांगला तुटतो. परवानगी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “अरे, पंचवीस वेळा कशाला छापतोस? एकदाच नीट छाप की.” संपूर्ण प्रकल्पावरची ही सर्वांत नेमकी टीका होती, आणि तिला तिथल्या तिथे देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

२० जानेवारी

शनिवार पेठेत पत्रिका आणि पिशव्या छापणारे एक काका आहेत. स्क्रीन, एक्स्पोजर (उजेड देऊन जाळीवर प्रतिमा उतरवणे) आणि पहिली शिकवणी त्यांच्याकडे. पॉझिटिव्ह, म्हणजे जिच्यावरून स्क्रीन करतात ती पारदर्शक फिल्म, मी संगणकावर करून नेला होता: इंचाला ५५ ओळींचा हाफटोन (छटा लहानमोठ्या ठिपक्यांत मोडलेल्या), सगळे मधले करडे छटांसह शाबूत. काकांनी तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “सर, हे आर्टकार्डावर उभं राहील, कापडावर नाही.” तरीही करून पाहू म्हणून आग्रह धरला आणि स्क्रीन करून घेतली.

कॅनव्हासच्या तुकड्यावर पहिला हात मारल्यावर गालावर लाटांसारखी नक्षी उमटली. हाफटोनचे ठिपके, जाळीचे धागे आणि कॅनव्हासची वीण अशा तीन चौकटी एकमेकींवर पडत होत्या, त्यामुळे तिसरीच आकृती तयार होत होती. कागदाला वीण नसते, म्हणून पत्रिकेवर हा त्रास निम्मा होतो. शिवाय बारीक ठिपके विणीच्या खळग्यांत पोचलेच नाहीत. हनुवटीखालची सावली नुसती धूळ उडाल्यासारखी दिसली. फिल्म आणि स्क्रीन मिळून साडेआठशे रुपये गेले.

२३ जानेवारी

नवा पॉझिटिव्ह इंचाला २८ ओळींचा केला, ठिपक्यांची ओळ जाळीच्या धाग्यांशी साडेबावीस अंशांत तिरकी ठेवली आणि मधल्या छटा जवळजवळ सर्व काढून टाकल्या. चेहऱ्याचा उजळ भाग कोरा, केस आणि भुवया ठोस काळ्या, आणि ठिपके फक्त नाकाच्या कडेला, गालाच्या वळणावर व मानेवर. लाटा गेल्या.

हे केल्यावर मूळ चित्राविषयी एक गोष्ट उलगडली. वॉरहॉलच्या मेरिलिनचा चेहरा सपाट मुखवट्यासारखा आहे, असे आपण वर्गात सांगतो आणि लगेच त्याचा संबंध प्रसिद्धीशी, उपभोगाशी जोडून मोकळे होतो. तो संबंध खोटा नाही. पण मधल्या छटा टाकून दिल्याशिवाय हा चेहरा कॅनव्हासवर छापून येतच नाही, हेही तेवढेच खरे आहे. अर्थ लावण्याआधी जाळीने आपला निर्णय दिलेला असतो.

जाळीही बदलली. काकांकडे पत्रिकेच्या सवयीने सेंटीमीटरला १२० धाग्यांचे बारीक बोल्टिंग कापड ताणलेले होते. ते काढून ५४ धाग्यांचे लावले. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी खरे रेशीम वापरात होते, आमचे पॉलिस्टर आहे. रेशीम ताण सोडते, पॉलिस्टर तेवढे सोडत नाही. म्हणून आमची प्रतिमा मूळच्यापेक्षा जरा ताठ येणार, हे मान्य करून पुढे गेलो.

३० जानेवारी

या आठवड्यात सर्वाधिक वेळ इमल्शनने, म्हणजे जाळीची नको ती छिद्रे बुजवणाऱ्या थराने खाल्ला. शाई कोणती, हा निर्णय आधीच झाला होता: रॉकेल आणि थिनर विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत नको, म्हणून पाण्यात मिसळणारी ॲक्रिलिक शाई. परंतु काकांचे सगळे काम द्रावकातल्या शाईचे असल्याने त्यांच्याकडचे इमल्शन द्रावकाला टिकणारे होते, पाण्याला नाही. सुरुवातीचे काही ठसे उत्तम आले. मग स्क्रीन धुताना हनुवटीच्या टोकाशी इमल्शन मऊ पडून सुटले आणि पुढच्या ठशात आत्याला दाढीचा खुंट आल्यासारखा काळा डाग पडला. सेलोटेप लावून पाहिली, ती ओल्या शाईत टिकली नाही.

पाण्याला टिकणारे इमल्शन वेगळे मागवावे लागले. दुकानात ते मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. एक किलोचा डबा बाराशे रुपये. धुतल्यानंतर स्क्रीन पुन्हा उजेडात भाजून घेतली की ते अधिक घट्ट होते. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी शाई आधी ठरवावी आणि तिच्यावरून इमल्शन घ्यावे; आमचा क्रम उलटा होता आणि त्यात आठवडा गेला. आणखी एक: जुन्या पद्धतीचे बायक्रोमेट घालून केलेले इमल्शन अजून बऱ्याच ठिकाणी वापरतात. ते त्वचेला आणि फुप्फुसांना अपायकारक आहे. वर्गात ते आणू नये.

६ फेब्रुवारी

कॅनव्हास आणला तो ६० इंची पन्ह्याचा. ६० इंच म्हणजे १५२ सेंमी, फलक १४५ सेंमीचा. दोन्ही बाजूंना पट्टीवर वळवायला कापड साडेतीन सेंमीच उरते. सुताराने तेवढ्यात बसवून दाखवतो म्हणून ताणला आणि एका कोपऱ्यात तो फाटला. बदली कापड ७२ इंची घेतले.

ताणलेल्या कॅनव्हासवर छापायचा बेतही फसला. मधोमध स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) दाबली की कापड झोळीसारखे खाली जाते आणि ठसा दुहेरी येतो. कडेला गेलो की खालच्या लाकडी पट्टीची धार शाईत सरळ रेघ बनून उमटते. वॉरहॉल न ताणलेला कॅनव्हास जमिनीवर पसरून छापत असे आणि चौकटीवर नंतर ताणत असे. आम्हीही वर्गातली टेबले जोडली, त्यांवर जुनी घोंगडी आणि वर कॅनव्हास घातला. जाळी कापडापासून तीन मिलिमीटर उचललेली राहावी म्हणून फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना खालून पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले. ठसा सुटसुटीत येऊ लागला.

१४ फेब्रुवारी

डाव्या फलकाची ओळ. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांना वाटते की चेहऱ्यावर रंग नंतर भरले असतील. क्रम उलटा आहे: आधी कॅनव्हासवर केस, चेहरा, पापण्या आणि ओठ यांचे सपाट आकार हाताने रंगवायचे आणि ते सुकल्यावर त्यांच्यावर काळ्या शाईचा ठसा मारायचा. म्हणजे ठसा पडण्यापूर्वी कॅनव्हासवर बिनचेहऱ्याचे रंगीत ठिगळ असते. पॉझिटिव्हची फिल्म कॅनव्हासवर ठेवून खालून कार्बन सरकवला आणि बाह्यरेषा उतरवून घेतल्या. पेन्सिलीची रेघ हलकी ठेवावी. पिवळ्याखालून ती दिसत राहते.

अडचण अशी की स्क्रीन खाली ठेवली की खालचे काही दिसत नाही. विद्यार्थ्यांनी कोपऱ्यांच्या खुणा करून, बिजागऱ्या लावून अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळवणी आणली आणि पाचही चेहरे बिनचूक बसवले. ओळ टेबलावरून उचलून भिंतीशी उभी केली तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले, कारण समोर किराणा दुकानाचे कॅलेंडर होते. ओठांचा लाल रंग ओठांच्या आत इतका शिस्तीत बसला होता की तो रंगवलेला वाटतच नव्हता.

टेटमधल्या फलकावर ओठांचा आणि पापण्यांचा रंग काळ्या रेषेबाहेर सांडतो, कुठे डावीकडे, कुठे खाली. त्यामुळे डोळ्याला दोन थर वेगळे कळतात: खाली हाताचा, वर यंत्रासारखा. दुसऱ्या ओळीला बिजागऱ्या काढल्या, फक्त डोळ्याच्या अंदाजाने फ्रेम ठेवली, आणि लगेच फरक पडला. मुद्दाम चुकवायचे नाही, एवढा एकच नियम ठेवला. मुद्दाम चुकवलेले तिसऱ्या चेहऱ्यालाच उघडे पडते.

२१ फेब्रुवारी

रंग सुकेपर्यंतच्या वेळात वर्गात संग्रहाचा भाग घेतला. त्याची टिपणे इथेच ठेवतो.

डिप्टिक आज ज्या रूपात आहे ते रूप पूर्णतः वॉरहॉलचे नाही. बर्टन आणि एमिली हॉल ट्रिमेन हे संग्राहक दांपत्य त्याच्याकडे गेले असताना दोन कॅनव्हास वेगवेगळे होते. ते शेजारी लावून जोडचित्र करावे ही सूचना एमिली ट्रिमेन यांची, आणि वॉरहॉलने ती उचलून धरली. त्यांनी ते घेतले आणि १९८० मध्ये टेटने ते विकत घेतले. जोडफलकाची ती मांडणी युरोपातल्या चर्चमधल्या जोडचित्रांची आठवण करून देते, आणि पिट्सबर्गमध्ये बायझंटाइन कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या वॉरहॉलला ती परकी नव्हती. डिप्टिकच्याच वर्षी केलेल्या ‘गोल्ड मेरिलिन मन्रो’मध्ये तर सोनेरी रंगाच्या मोठ्या कॅनव्हासच्या मधोमध एकच छोटा चेहरा आहे, मूर्तीसाठी सोडलेल्या कोनाड्यात असावा तसा. ते चित्र वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांनी १९६२ मध्येच न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टला भेट दिले.

म्हणजे ही चित्रे करून शाई वाळते न वाळते तोच त्यांतले एक संग्रहालयात गेले होते, आणि गेले ते चित्रांच्या विभागात. याच्या उलट १९६७ चा मेरिलिनचा दहा छापचित्रांचा संच: कागदावर, प्रत्येकी ३६ × ३६ इंच, २५० संचांचे क्रमांकित संस्करण, म्हणजे ठरावीक प्रतींची आवृत्ती. तोही तोच चेहरा आणि तेच तंत्र. मात्र संग्रहालये तो छापचित्रांत नोंदवतात. एका विद्यार्थिनीने रविवर्मा छापखान्याचे उदाहरण काढले, आणि ते चपखल होते. मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या आणि रविवर्म्याची तैलचित्रे संग्रहालयांत राहिली. तिथे चित्र आधी होते आणि छपाई त्याची नक्कल होती. डिप्टिकमध्ये छपाईच्या आधी चित्र नाहीच. प्रसिद्धीचा एक फोटो आहे आणि एकदम कॅनव्हास आहे.

४ मार्च

उजव्या फलकाला हात घातला. चाचणीच्या कापडावर काकांनी स्वतः छापून दाखवले आणि सगळे चेहरे एकसारखे काढले, तिळमात्र फरक नाही. चाळीस वर्षांचा हात तो. त्यांना म्हटले, “काका, आम्हाला हे पुसट होत गेलेलं हवंय.” ते म्हणाले, “सर, त्याला आम्ही खराब माल म्हणतो. गिऱ्हाईक परत आणून टाकतं.”

टेटच्या उजव्या फलकावर नेमका तो परत आलेला माल आहे. डावीकडून दुसऱ्या उभ्या ओळीतले चेहरे शाईत बुडाले आहेत, काहींवर काळा पट्टा ओढल्यासारखा आहे, आणि उजव्या कडेकडे जाताना चेहरा विरत विरत केवळ आठवणीपुरता उरतो. लग्नपत्रिका छापणारा जे टाळण्यासाठी आयुष्य घालवतो तेच इथे मांडणीचे साधन झाले आहे.

पुढच्या कामात स्क्वीजी काकांनी धरायची नाही, विद्यार्थ्यांनी धरायची, असे ठरले. हे लहानसे वाटते, पण संग्रहालयांच्या जगात यावर मोठा वाद झालेला आहे. वॉरहॉलची १९६५ ची लाल पार्श्वभूमीची आत्मचित्रे त्याने दिलेल्या फिल्मवरून, त्याच्या गैरहजेरीत, बाहेरच्या छपाईवाल्याने काढली होती. वॉरहॉलच्या कामाची सत्यता ठरवणाऱ्या मंडळाने ती त्याची मानायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ते मंडळच बंद करण्याचा निर्णय २०११ मध्ये जाहीर झाला. आधीच्या चित्रांतही मदतनीस होतेच. हात कुणाचा यापेक्षा, कोणता ठसा ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे समोर उभे राहून कोण ठरवतो, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो.

९ मार्च

विरत जाण्याचे तंत्र असे बसले. स्क्रीनवर शाई एकदाच भरपूर घ्यायची आणि मध्ये नवी न घालता ठसे मारत जायचे. स्क्वीजी ओढताना रबराच्या पाठोपाठ जाळी कॅनव्हासपासून सुटत जाते आणि त्याचा एक कोरडा, सलग चर्रकन आवाज येतो. तो आवाज तुटक होऊ लागला की शाई जाळीत सुकायला लागली असे समजावे. गालाचे वळण आणि मान आधी जातात, कारण तिथे बारीक ठिपके आहेत. भुवया आणि ओठांची रेघ शेवटपर्यंत तग धरते. म्हणूनच विरलेला चेहराही ओळखू येतो.

सकाळी आणि दुपारी छापलेल्यांत मोठा फरक पडला. मार्चमधली पुण्याची कोरडी हवा, पंखा चालू, पारा ३६ अंशांवर; दुपारी स्क्रीन दोन-तीन ठशांतच चोक झाली आणि चेहरा विरण्याऐवजी एकदम नाहीसा झाला. शाईत रिटार्डर (शाईचे सुकणे लांबवणारे द्रव्य) घातला, पंखा बंद केला, जाळीवर ओला स्पंज फिरवला. रिटार्डर जास्त झाला तेव्हा उलटेच झाले: शाई पातळ होऊन ठिपक्यांच्या कडा पसरल्या. शेवटी रिटार्डर शाईच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंतच ठेवला आणि काम सकाळी दहाच्या आत संपवले.

फ्रेमच्या लाकडाचाही विचार करावा लागतो. चेहरे एकमेकांना लागून आहेत आणि फ्रेम चेहऱ्यापेक्षा मोठी. त्यामुळे पुढचा ठसा मारताना फ्रेमची कड मागच्या ओल्या ठशावर बसते. विरळ ठसे काही मिनिटांत सुकतात, त्यांना काही होत नाही. शाईत बुडालेली ओळ मात्र तासभर ओली राहते. आमच्या दुसऱ्या उभ्या ओळीत तिसऱ्या चेहऱ्याच्या कपाळावर फ्रेमच्या कडेने ओढलेला बोटभर रुंद पट्टा आहे. तो ठेवला.

१२ मार्च

तो पट्टा आता नाही. सुट्टीच्या दिवशी दालन झाडणाऱ्या मदतनिसाने ती घाण समजून ओल्या फडक्याने पुसली. शाई वरवर सुकली होती, आत नाही. त्यामुळे पट्टा पुसट झाला आणि त्याच्याभोवती करडा ढग पसरला. मदतनिसाची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितले नव्हते आणि फलकावर सूचना नव्हती.

पुन्हा छापायचे का, यावर विभागात बराच वाद झाला. माझे मत न छापण्याचे पडले. संग्रहालयात असे चित्र आले की जतन करणाऱ्याला हेच ठरवावे लागते: कोणता ओघळ १९६२ चा आणि कोणता नंतरच्या हाताळणीचा, कोणता काढायचा आणि कोणता तसाच राखायचा. तैलचित्रावर डाग परका दिसतो. इथे चित्रच डागांचे असल्याने चित्र घडले त्या वेळचे छायाचित्र आणि नोंद नसेल तर मार्ग उरत नाही. सुदैवाने छपाईच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवले होते. करडा ढग राहिला. त्याची नोंद आणि पट्ट्याचा आधीचा फोटो फलकाच्या फाइलमध्ये लावला.

१९ मार्च

फलक ताणला. ७२ इंची कॅनव्हासमुळे कडा व्यवस्थित वळल्या. मधोमध आडवी पट्टी असलेली चौकट घ्यावी. एवढ्या उंचीला ती नसेल तर लांब पट्ट्या आत वाकतात. ताणल्यावर चेहऱ्यांची ओळ उजवीकडे किंचित उतरल्याचे दिसते, कारण टेबलावर कापड तिरके पसरले गेले होते. दुरुस्त होण्यासारखे नाही आणि करण्याची गरजही वाटत नाही.

आत्या बघायला आली. पंचवीस चेहऱ्यांसमोर बराच वेळ उभी राहिली आणि उजव्या कडेच्या सर्वांत पुसट ठशाकडे बोट दाखवून म्हणाली, “हा ठेव. बाकीचे मला ओळखतच नाहीत.” एकदाच छापण्याचा तिचा मूळ आक्षेप तिने मागे घेतला की नाही, ते मी विचारले नाही.

२६ मार्च

संग्रहाच्या दाखल-नोंदवहीत वस्तू चढवायची होती. नोंदवहीतले रकाने जुने आहेत: चित्र, छापचित्र, शिल्प, इतर. ग्रंथपालांनी ती आधी छापचित्रात घातली आणि संस्करण किती प्रतींचे, असे विचारले. स्क्रीन शाबूत आहे, मग दुसरी प्रत निघेलच की, हा त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड होता. त्यांना सकाळचा आणि दुपारचा चाचणी-तुकडा शेजारी ठेवून दाखवला. स्क्रीन तीच, शाई त्याच डब्यातली, हातही तोच. आणि एकही चेहरा दुसऱ्याच्या जागी ठेवता येणार नाही. पंचवीस ठसे कोणत्या क्रमाने आणि किती शाईत पडले, यानेच तो फलक झाला आहे, आणि तो क्रम स्क्रीनमध्ये साठवलेला नाही. नोंद ‘चित्र’ या रकान्यात झाली. साहित्याच्या जागी कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग आणि स्क्रीनची शाई, शेऱ्यात अध्ययन-प्रत आणि कोणत्या मूळ कृतीवरून ते.

स्क्रीनचे काय करायचे हा प्रश्न उरला. अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९६४ मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनाचा चित्रकलेचा मोठा पुरस्कार मिळताच न्यूयॉर्कच्या स्टुडिओतल्या आपल्या सगळ्या स्क्रीन नष्ट करायला सांगितले होते, म्हणजे त्याच प्रतिमा पुन्हा वापरण्याचा मोहच नको. आमच्यासाठी स्क्रीन ही शिकवण्याची वस्तू आहे. ती वेगळ्या क्रमांकाने ‘इतर’ या रकान्यात चढवली. पॉझिटिव्हची फिल्म तिच्या पाठीमागच्या पाकिटात आहे. इमल्शन तसेच ठेवले आहे, हनुवटीजवळच्या दुरुस्तीसह.

खर्च: कॅनव्हास फाटलेला धरून ३,९०० रुपये, चौकट आणि सुतारकाम २,८००, स्क्रीन, फिल्म, दोन्ही इमल्शने आणि स्क्वीजी मिळून ४,३५०, शाई, रंग आणि रिटार्डर २,६००. एकूण १३,६५० रुपये. काकांनी मजुरी घेतली नाही. त्याऐवजी दुपारच्या चाचणीतला सर्वांत बिघडलेला तुकडा मागून घेतला आणि दुकानात काउंटरमागे लावला.

डाव्या फलकाच्या उरलेल्या ओळी दिवाळीनंतर, हवा थंड झाल्यावर करायच्या आहेत. त्यासाठी ७२ इंची पन्ह्याचा अडीच मीटर कॅनव्हास ऑक्टोबरातच मागवून ठेवावा. पुण्यात तो पन्हा नेहमी तयार मिळत नाही.